केंपम्मा मशीनवर आहे

"हा कागद कुणी चिकटवला?" मुनिराजूने विचारलं. त्याच्या एका हातात झेंडूच्या माळांची टोपली होती, दुसऱ्या हातात हळदकुंकवाचं तबक.

जयशीलाच्या मॉनिटरवर कानडीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद होता: 'रुग्ण मशीनवर आहे. हात लावू नये.'

"मी," जयशीला म्हणाली. मान काही वर केली नाही.

"अक्का, आज आयुधपूजा. सगळी मशिनं बंद करून, पुसून, गंध लावून ठेवायचीत. पूजा होईस्तोवर काम नाही. आणि रुग्ण कुठंय? मला तर टेबल नि खुर्चीच दिसतीय."

"आहे. केंपम्मा, वय अठ्ठावन्न, मागडी तालुका. आल्या आल्या मशीनवर घेतलंय तिला. चार तास लागणार. तोवर याची वीज जाता कामा नये, मुनिराजू. बाकीच्यांना घाल की तुझ्या माळा."

"वासंतक्का, तुम्ही तरी सांगा हिला," मुनिराजू माझ्याकडे वळला.

मी कशाला सांगू? मी जयशीलाच्या पाठीला पाठ लावून बसते आणि तिचा हट्ट मला कुणापेक्षाही जास्त ठाऊक आहे. शिवाय, उगाच कशाला लपवू, मी तिच्याच बाजूची होते.

मुनिराजू म्हणजे आमच्या कचेरीचा कारभारी. दाराच्या कार्डांपासून कॉफीच्या दुधापर्यंत सगळं त्याच्या हातात. मी पुस्तिका लिहिते: कुठलं बटण कधी दाबायचं ते साध्या भाषेत. त्यामुळे मला सगळं कळतं असं नाही, पण कुणाला काय कळलेलं नाही ते चांगलं कळतं.

केंपम्मा नावाची बाई कुठेच नव्हती. ती खोटी रुग्ण, चाचणीपुरती. आमच्याकडची मुलं अशा खोट्या रुग्णांची नावं 'टेस्ट टेस्ट' नाहीतर 'अबक' अशी ठोकून देतात. वय नव्याण्णव, गाव रिकामं. जयशीला मात्र नाव, वय, तालुका, घरी कोण, सगळं घालायची. मी एकदा हसले तेव्हा म्हणाली, "नाव नीट लिहिलं की बोट जपून चालतं गं."

आमची कंपनी जयनगरातली, तीन मजल्यांची. त्या वर्षी आम्ही डायलिसिस केंद्रांसाठी एक सॉफ्टवेअर तयार करत होतो. रुग्ण आला की नर्सने त्याचं नाव घालायचं. सॉफ्टवेअरने विमा योजनेच्या सर्व्हरला विचारायचं, हा माणूस योजनेत बसतो ना? तिकडून 'हो' आलं की मशीन सुरू. चार तासांनी नर्सने 'पूर्ण' हे बटण दाबायचं, की योजनेला कळलं, उपचार झाला. ते कळलं नाही तर उपचार अपूर्ण धरला जातो आणि पुढच्या खेपेला त्या माणसाला दारातच 'थांबा' म्हणतात. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला थांबा म्हणून चालत नाही. दोन-चार दिवस चुकले तर अंगात पाणी भरतं, श्वास लागतो, आणि पुढचं सांगायला नको.

योजनेचा सर्व्हर ऐऱ्यागैऱ्याशी बोलत नाही. आधी आपली ओळख पटवायची, मग तो एक पास देतो. पास तासभर जिवंत. तास उलटला की नवा घ्यायचा. पोरं त्याला टोकन म्हणतात, मी माझ्या पुस्तिकेत पास लिहिलं.

आता असल्या सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायची कशी? दिवसातून शेकडो वेळा खऱ्या सर्व्हरचं दार ठोठावलं तर ते लोक आपल्यालाच बाहेर काढतील. म्हणून सगळीकडे करतात तेच आम्ही केलं. सर्व्हरला एकदा विचारायचं, त्याचं उत्तर टिपून ठेवायचं, आणि पुढे प्रत्येक टेस्टमध्ये तेच टिपलेलं उत्तर पुढे करायचं. सॉफ्टवेअरला वाटतं सर्व्हरच बोलतोय. सगळ्या टेस्ट कॉफीचा पेला संपायच्या आत होतात आणि पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागते. त्या हिरव्या रांगेवर आमच्या कंपनीची दसरा-दिवाळी.

हे सगळं लिहिलं होतं तेजस्विनीने. मुलगी हुशार, कामाला वाघ, तोंडाने फटकळ.

आणि जयशीला टेस्टर. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधणाऱ्या बाईला कोण डोक्यावर घेणार? ती डबा घेऊन आली की टेबलावरच्या गप्पा जरा हळू व्हायच्या. तिचे वडील चन्नपट्टणला लेथवर लाकडी खेळणी करायचे. खुळखुळा झाला की त्याची कड स्वतःच्या ओठांवरून फिरवून बघायचे, कारण तो बाळाच्या तोंडात जाणार. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मी तिच्या हट्टाला कंटाळून भांडले तेव्हा.

पूजेच्या आधीच्या आठवड्यात तिने रजा टाकली आणि कनकपुरा रोडवरच्या एका डायलिसिस केंद्रात जाऊन बसली. एका बाईचं सगळं होईपर्यंत तिच्या शेजारच्या स्टुलावर. आमच्यातलं कुणी तोवर तिथे गेलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि पुस्तिका लिहून मोकळी झाले होते. परत आली. मग टिपलेली सगळी उत्तरं एकेक उघडून वाचत बसली.

पूजेच्या आदल्या दिवशी मीटिंग झाली. दसऱ्याला सॉफ्टवेअर केंद्रांत सुरू व्हायचं होतं, उद्घाटनाचे फलक छापून आले होते. आमचे मॅनेजर वादिराज सर. माणूस सज्जन, पण मालकांचा फोन वाजला की उभं राहून बोलणारा. त्यांनी पडदा फिरवून दाखवला. आमची एक रीत आहे: सॉफ्टवेअर बाहेर पाठवायच्या पानावर टेस्टरने, तो नसला तर मॅनेजरने, आपलं नाव घालायचं. ते नाव पडल्याशिवाय पुढचं बटण उमटत नाही.

"मॅडम, सगळं हिरवं आहे. तेवढं नाव घाला, म्हणजे सगळे बाजारात जाऊ. केळीचे खांब महाग व्हायच्या आत."

"नाही घालणार," जयशीला म्हणाली. मग तेजस्विनीकडे वळली. "तेजू, पास संपल्यावर आपण नवा पास घेतो आणि मग 'पूर्ण' कळवतो. त्यावर सर्व्हर 'ठीक' म्हणतो, हे उत्तर तू कुठून टिपलंस?"

"का? काय झालं त्याला?"

"फार नीटनेटकं आहे. त्यांच्या सर्व्हरची बाकीची उत्तरं बघ, सतरा गोष्टींचं गबाळ. आणि हे एवढंच कसं परीटघडीचं?"

तेजस्विनीचे कान लाल झाले. "हाताने लिहिलंय. मग काय करू? तासभर बसून राहू पास मरायची वाट बघत? त्यांच्या माहितीपत्रकात आहे तसंच लिहिलंय. सगळे लिहितात अक्का. तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे. प्रश्नही आपला, उत्तरही आपलंच. मग पास होणारच की आपण."

"घड्याळ पुढे ढकलूनही टेस्ट केलीय मी."

"आपलं घड्याळ ढकललंस. त्यांचं कोण ढकलणार? अगं, मी तिथं बसले होते. पंखा फिरतोय, मशीन फिरतंय, बाई झोपतेय, उठतेय, सुनेला शिव्या देतेय, परत झोपतेय. वेळ जातो गं तिथं. तुझ्या टेस्टमध्ये वेळच जात नाही."

वादिराज सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, रागावू नका, पण विचारतो. तुमच्या घरी कुणी डायलिसिसवर आहे का?"

"नाही."

"मग एवढं..."

"असायलाच पाहिजे का, सर?"

मीटिंग तिथेच संपली. म्हणजे वादिराज सर म्हणाले, उद्या बघू, आणि उठले. आमच्याकडे 'उद्या बघू' म्हणजे तुझ्याशिवाय करू.

खोटा रुग्ण घालून खऱ्या सर्व्हरवर चाचणी करायला त्या लोकांकडून वेगळी ओळख मिळते, ती कंपनीने मागावी लागते. वादिराज सरांनी मागितली नव्हती, उशीर होईल म्हणून. जयशीलाने स्वतःच मागितली होती, स्वतःच्या नावावर, आणि त्यांच्या मदतकेंद्राला रोज फोन करून नकोसं केलं होतं. त्यांनीही शेवटी, भीक नको पण कुत्रं आवर, म्हणून पूजेच्या सकाळी ती पाठवून दिली. ती हातात पडताच जयशीलाने केंपम्माला मशीनवर घेतलं. कागद चिकटवला. बसली.

तर अशी ती बसलेली, मुनिराजू तबक घेऊन उभा, आणि खाली गाडीचा आवाज झाला. मालक आले. श्रीकंठय्या, रेशमी धोतर, कपाळाला गंध, मागे भटजी. मुनिराजूने त्यांना दारातच सगळं सांगितलं असणार, कारण ते सरळ इकडेच आले.

"काय अम्मा? काय चाललंय?"

"टेस्ट चालू आहे सर."

"आज? आज आयुध चालवायचं नसतं, पूजायचं असतं. माझ्या आजोबांपासून कुणी आजच्या दिवशी यंत्र चालवलेलं नाही. बंद करा ते."

जयशीला उठून उभी राहिली. उंचीने ती मालकांच्या खांद्याइतकीच. "बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून चार तास सर. आणि उद्या तुम्ही हेच बाहेर पाठवताय."

"वादिराज म्हणतात, सगळं हिरवं आहे."

"वादिराज सर बरोबर सांगतात. हिरवं आहे. खरं आहे की नाही ते मी बघतेय."

"म्हणजे तुम्ही पूजा अडवणार?"

"पूजा का अडवू? आमच्या घरीही आज लेथची पूजा व्हायची. पण गंध लावायच्या आधी वडील पटाशीला धार आहे का बघायचे. बोथट आयुधाला कुंकू लावून काय मिळायचं, सर?"

मालकांना असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. वादिराज सर तर खिडकीतून बाहेर असं काही बघत होते की जणू तिथे त्यांचं कुणी ओळखीचं उभं आहे. माझी मात्र, खरं सांगते, छाती भरून आली होती.

तोंड उघडलं ते भटजींनी. "स्वामी, चालत्या यंत्रालाही पूजा चालते. नारळ आणा. मला अजून तीन गॅरेजं आहेत."

झालं. पूजा झाली. सगळ्या बंद मशिनांवर माळा चढल्या, आणि एका चालू मशिनावरही. मुनिराजूने त्या कागदाच्या वर, अक्षरं न झाकता, कुंकवाचं बोट लावलं. कडलेपुरी वाटली गेली, चुरमुरे-फुटाण्यांच्या पुड्या आणि बत्तासे. दृष्ट जावी म्हणून आत नाणी घालून कोहळा खाली रस्त्यावर फोडला. एरवी यानंतर सगळे घरी जेवायला पळतात. त्या दिवशी कुणी हललं नाही. जो तो पुडी हातात घेऊन आमच्या कोपऱ्यात.

पहिला तास उलटला तेव्हाच तेजस्विनी येऊन उभी राहिली होती. जुना पास मेला आणि तिच्या कोडने मुकाट्याने नवा घेतला. पडद्यावर तशी ओळ आली. तिने टाळीच वाजवली. "बघा! घेतला ना?"

"घेतला," जयशीला म्हणाली. "छान लिहिलंयस. आता बस. अजून पुष्कळ आहे."

तेजस्विनी तोऱ्यात बसली. पण बसली, आणि उठली नाही. मध्ये एकदा तिने विचारलं, "अक्का, ती बाई काय शिव्या देत होती सुनेला?" जयशीलाने सांगितल्या. त्या मला इथे लिहिता येणार नाहीत. दोघी हसल्या, मीही हसले, आणि मालक दुरून बघत राहिले की हे चाललंय तरी काय.

वेळ झाली. जयशीला खुर्ची सोडून बाजूला झाली.

"तू दाब," ती तेजस्विनीला म्हणाली. "तुझं आहे ते."

तेजस्विनीने 'पूर्ण' दाबलं. एक क्षण काही नाही. मग लाल ओळ. 'हा उपचार दुसऱ्या पासवर सुरू झाला आहे. नोंद अमान्य.'

नवा पास खरा होता, पण केंपम्माचा उपचार जुन्या पासवर उघडला होता. योजनेच्या सर्व्हरला उपचार सुरू करणारा आणि संपवणारा एकच हवा होता. माहितीपत्रकात हे कुठे नव्हतं, की कुणी वाचलं नव्हतं, देव जाणे. तेजस्विनीने केंपम्माला पुढच्या तारखेसाठी घातलं. पुन्हा लाल. 'मागील उपचार अपूर्ण. रुग्णास थांबवा.'

"सगळ्यांचंच असं होणार," तेजस्विनी हळूच म्हणाली. "जो कुणी चार तास बसेल त्याचं. म्हणजे सगळ्यांचंच." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

श्रीकंठय्यांनी पुडी टेबलावर ठेवली. "ठीक आहे. कळलं. उद्या उद्घाटन होऊ दे. पाहुणे येणार आहेत, फलक लागलेत. सोमवारी दुरुस्ती पाठवा. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न."

"उद्या मशीनवर बसलेली बाई सोमवारी पहाटे दारात उभी असेल सर," जयशीला म्हणाली. "तुमची दुरुस्ती पुढच्यांना. अडकलेल्यांना कोण सोडवणार? मी नाव घालणार नाही."

"तुमच्या एका नावावाचून घोडं अडलं नाही अम्मा. वादिराज, तुम्ही घाला."

वादिराज सर आपल्या जागेवर गेले. मॉनिटरवरची माळ बाजूला सारली, ते पान उघडलं. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. दोन बोटांनी टाइप करायची त्यांची सवय. पहिलं अक्षर पडलं, दुसरं पडलं. मग हात थांबले. खाली रस्त्यावर आता दुसऱ्या कुणाचा कोहळा फुटला होता, पोरं त्यातली नाणी वेचताना आरडाओरडा करत होती, तो आवाज वर येत होता. सरांनी दोन्ही अक्षरं खोडली.

"माझ्याच्याने नाही होणार सर," ते म्हणाले. बसल्या जागेवरून, उभं न राहता.

मालक पुडी टेबलावरच सोडून खाली गेले. जयशीलाने मॉनिटरवरचा कागद काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "चल गं वासंती, भूक लागलीय."

सॉफ्टवेअर गेलं ते दिवाळीनंतर, दुरुस्त होऊन, जयशीलाच्या नावाने. दुरुस्ती तेजस्विनीने केली आणि चार तासांची टेस्ट दोघींनी आळीपाळीने बसून पुन्हा पुन्हा घेतली. आज ते केंद्राकेंद्रांत चालतं. कुणी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणून कुणाला जयशीलाचं नाव घ्यायचं कारणही पडलं नाही. उद्घाटन हुकलं होतं ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पाण्यात राहून माशाशी वैर, दुसरं काय! उगादीच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास वरून निरोप आला की टेस्टरच्या जागा आता नकोत, टेस्ट आपोआप होतात. जागा म्हणजे दोन. दुसरा मुलगा आधीच दुसरीकडे लागला होता. म्हणजे एकच.

मला संताप आला. आजही येतो. मी वादिराज सरांना चार शब्द ऐकवले. त्यांनी ते ऐकून घेतले. दुसरं ते काय करणार होते?

शेवटच्या दिवशी जयशीलाने केक कापू दिला नाही. दुपारभर आपलं टेबल पुसत, आवरत बसली. सगळ्यांशी बोलली. तेजस्विनीला कोपऱ्यात घेऊन बराच वेळ काही सांगत होती. मग पर्स खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन कार्ड लावलं. दिवा लाल. पुन्हा लावलं. लाल.

मुनिराजूला वरून सांगितलं होतं की संध्याकाळ झाली की कार्ड बंद कर. त्याने बंद केलं होतं. बाई अजून आतच आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"थांब, मी उघडते," म्हणत मी माझं कार्ड काढलं. तेजस्विनीही धावत आली. वादिराज सर तर स्वतः उठून आले. "या मॅडम, माझ्या कार्डावर या."

"नको सर." ती दाराच्या बाजूला झाली. कार्ड हातात तसंच. "मुनिराजू, चालू कर."

मुनिराजू रडकुंडीला आला. "अक्का, एकदा बंद केलं की परत चालू करायचं नाही असं सांगितलंय हो. माझी नोकरी... सर उघडतायत ना, जावा की."

"दुसऱ्याच्या नावावर नाही जायचं मला. रोज माझ्या कार्डावर आले. नोंदीत मी आत आलेली दिसेन आणि बाहेर पडलेलीच दिसणार नाही, असं कसं चालेल? तू सावकाश कर. मला घाई नाही."

आणि उभी राहिली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. घरी जायला निघालेले लोक मागे येऊन थांबत गेले. कुणी पुढे होऊन आपलं कार्ड लावलं असतं तर दार उघडलं असतं. कुणी लावलं नाही. तेजस्विनीने आपलं कार्ड गळ्यातून काढून मुठीत धरलं होतं. वादिराज सर रांगेत उभे होते, आमच्यातलेच एक होऊन.

मुनिराजूने आमच्याकडे बघितलं. मग वर फोन न करता, कुणाला न विचारता, दाराला लागून असलेल्या आपल्या टेबलाशी गेला आणि कॉम्प्युटरवर काहीतरी केलं. "बघा आता अक्का," तिथूनच म्हणाला.

जयशीलाने कार्ड लावलं. दिवा हिरवा झाला. ती बाहेर पडली, उंबऱ्यापलीकडून हात आत घालून ते कार्ड मुनिराजूच्या टेबलावर ठेवलं, आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरू लागली. दार लागलं. मागे आम्ही एवढी माणसं उभी होतो, पण तिच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत थांबेस्तोवर कुणी आपलं कार्ड पुढे केलं नाही.